गोड असलं तरी खोटं नको

टोकियोत ओजिमाला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांसाठी एक मोठी खोली आहे. नाव नोंदवलं की रविवारी सकाळी ती आम्हाला मिळायची. बूट बाहेर काढायचे, घडीची टेबलं परत भिंतीला लावायची, कचरा आपापल्या घरी न्यायचा. एवढं सांभाळलं की कुणी काही म्हणत नसे. तिथे आमचा संस्कारवर्ग भरायचा.

वर्ग सरांचा. सर पेशाने शिक्षक नव्हते. माझ्या नवऱ्यासारखेच पुण्याहून आलेले, एका जपानी कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम बघणारे. पण त्यांचे आजोबा पाठशाळेत शिकवायचे, त्यामुळे संस्कृत त्यांच्या घरात जेवणाखाण्यासारखं होतं. सर शिकवायला लागले की पाठीमागे बसलेले आईबापही फोन खाली ठेवायचे. एखादा श्लोक घेतला की ते तो संत्र्यासारखा सोलायचे. हा शब्द सुटा केला, हा जोडला, आता बघा आत काय आहे. उपनिषदातला ऋषी मुलाला मीठ पाण्यात विरघळवायला सांगतो, ती गोष्ट त्यांनी खरोखर वाटीभर पाणी आणि मीठ घेऊन सांगितली होती. सगळ्या मुलांनी पाणी चाखलं होतं. जपानीत विचार करणारी आमची मुलं त्या खोलीत तेवढा वेळ मराठी बोलायची, ते त्यांच्यामुळे.

माणूस म्हणूनही सर सगळ्यांच्या उपयोगी पडायचे. नवीन कुटुंब आलं की विमानतळावर घ्यायला जायचे, पहिल्या दिवसाचं जेवण त्यांच्या घरून. माझे वडील पुण्यात गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. दिवस इथेच ओजिमात करायचे ठरले. जपानात भटजी कुठून आणणार? सर रोज ऑफिस सुटल्यावर आमच्याकडे यायचे, वडिलांच्या फोटोसमोर बसून पाठ म्हणायचे, आणि प्रत्येक ओळीचा अर्थ मला सांगायचे. शेवटच्या दिवशी मी रडत होते तेव्हा म्हणाले, "ताई, ऋण फिटत नाही, ते फक्त पुढे द्यायचं असतं." ते मी कधीच विसरले नाही. आजही विसरलेले नाही, म्हणून हे सगळं लिहिताना हात अडतो.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या वर्गाला क्वचितच यायच्या. प्रसादाचा शिरा मात्र दर वेळी त्यांच्या हातचा असायचा. तो डबा घेऊन त्यांची मुलगी यायची. तेव्हा ती पाचवीत होती, शेजारच्याच जपानी शाळेत. लहान असतानाच इथे आली, त्यामुळे जपानी अगदी इथल्या मुलांसारखं. मराठी बोलताना मधेच थांबायची, शब्द शोधायची, पण सापडल्याशिवाय वाक्य सोडायची नाही.

एका रविवारी सरांनी सत्यावरचा जुना श्लोक घेतला. खरं बोलावं, गोड बोलावं. खरं असलं तरी कडू असेल तर बोलू नये. आणि गोड असलं तरी खोटं बोलू नये. त्यांनी तो फळ्यावर लिहिला, मुलांकडून म्हणवून घेतला, आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. त्यांच्या मुलीने हात वर केला.

"बाबा, खरं कडू आहे, आणि कुणी आपल्याला विचारलं, तर?"

"तर गप्प राहायचं. मौन हेही उत्तरच असतं."

तिने हात खाली घेतला नाही. "पण मी गप्प राहिले, आणि त्या माणसाला वाटलं की सगळं गोडच आहे... मग ते खोटं नाही का झालं?"

मागे बसलेलो आम्ही सगळे हसलो, कौतुकाने. सरही हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ही वकील होणार." मग प्रसाद वाटला गेला आणि तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्या थंडीत एका दुपारी मला शेजारच्या शाळेतून फोन आला. माझं जपानी बरं आहे. वॉर्ड ऑफिसच्या दुभाष्यांच्या यादीत माझं नाव आहे, आणि पालकसभांना मी पूर्वीही गेले होते. उपमुख्याध्यापक म्हणाले, "लगेच येता येईल का? आई आलेल्या आहेत, पण आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये." कुणाची आई ते मी विचारलं नाही. तिथे गेल्यावर कळलं.

वहिनी एका लहान खोलीत बसल्या होत्या, पायाशी भाजीची पिशवी. दुकानातून थेट आल्या असाव्यात. समोर शाळेतल्या नर्सबाई आणि मुलांच्या संरक्षणाच्या सरकारी कार्यालयातल्या एक बाई. मुलगी खोलीत नव्हती. "तिला आम्ही आमच्याकडे नेलं आहे," त्या बाई म्हणाल्या. "सुरक्षित आहे. काय झालं ते आईंना सांगायचं आहे."

दुभाष्याचा नियम असा की बोलणाऱ्याच्या जागी उभं राहायचं. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. त्या बाई मुलीचं बोलणं तिच्या शब्दांत सांगत गेल्या आणि मी ते मराठीत वहिनींना सांगत गेले. "बाबा आईला मारतात. मी लहान होते तेव्हापासून मारतात. काल मी मधे गेले तेव्हा त्यांनी माझा हात पिरगळला." माझ्या तोंडून हे 'मी'ने निघत होतं आणि वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मला तोवर खरंच काही माहीत नव्हतं. त्यांच्या घरात मी कितीतरी वेळा जेवले होते.

मग नर्सबाई बोलल्या. सकाळी खेळाच्या तासाला मुलीचा हात वर जात नव्हता म्हणून तिला त्यांच्याकडे पाठवलं होतं. मनगट सुजलेलं होतं. "मीच तिला म्हणाले, पडलीस का गं? मुलं पडतात. तिने मान हलवली, नाही म्हणाली. मी म्हटलं, सांगायचं नसेल तर राहू दे. तेव्हा म्हणाली, मी गप्प राहिले तर तुम्हाला वाटेल की मी पडले, आणि गोड असलं तरी खोटं बोलायचं नसतं." नर्सबाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे कुठलं आहे, मला कळलं नाही. तुमच्या धर्मातलं काही आहे का?"

मी तो श्लोक त्यांना जपानीत समजावून सांगितला. एका सरकारी बाईसमोर, त्या खोलीत. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा होता. आपण इतक्या सहज कसं सांगू शकलो, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

"कुणी शिकवलं तिला?" त्या बाईंनी विचारलं.

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींना प्रश्न कळला होता. त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या वडिलांनी."

मग बाईंनी वहिनींना विचारलं, की मुलगी सांगते ते खरं आहे का. वहिनींनी पदर सारखा केला. थंडीतही त्या साडीवरच जाकीट घालायच्या. "ती पडली असेल," त्या म्हणाल्या. "मीही एकदा पडले होते, ते तिने पाहिलं असेल. घरी सगळं नीट आहे." मी ते जपानीत सांगितलं. जसंच्या तसं. ते खोटं आहे हे मला कळत होतं, बाईंना कळत होतं, वहिनींनाही कळत होतं, आणि ते खोलीत पोचवणारा आवाज माझा होता.

संध्याकाळी सर शाळेत आले. त्यांचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं, त्यांना दुभाष्या लागला नाही. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, तसदीबद्दल क्षमा मागितली, मुलगी हळवी आहे, कल्पनेत रमते असं सांगितलं. त्या बाईही तितक्याच वाकल्या, आणि मुलगी कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर सायकली लावतात तिथे सरांनी मला थांबवलं. "ताई, तुम्ही शब्दाला शब्द सांगायला नको होता. आपल्या आपल्यात मार्ग निघतो."

"सर, तिचं बोलणं मी बदलणार कशी?"

"मी तुमच्या वडिलांच्या वेळी..." ते म्हणाले, आणि थांबले. वाक्य पुरं केलं नाही. वहिनी चार पावलं मागे, भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. मग ते दोघं घरी गेले. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल, हा विचार मी टाळत राहिले आणि तोच येत राहिला.

त्या आठवड्यात आमच्या मराठी ग्रुपचे जे ॲडमिन होते त्यांच्या टोकियोजवळच्या उरायासुच्या घरी सगळे जमले. चहा झाला. कुणीतरी म्हणालं, भांडणं कुठल्या घरात नसतात. कुणी म्हणालं, जपानी लोकांना आपली कुटुंबपद्धती कळत नाही, ते लगेच मूल उचलतात, आता आपल्या सगळ्यांच्या घरांवर नजर राहणार. सरांसारख्या माणसाची अशी बदनामी व्हावी, याचं जवळजवळ सगळ्यांना वाईट वाटत होतं. ॲडमिन म्हणाले, "पोरीच्या डोक्यात शिकवलेलं उलटं गेलं, दुसरं काय."

माझा नवरा एरवी अशा ठिकाणी बोलत नाही. तो म्हणाला, "उलटं गेलं? मग सुलटं काय होतं, ते सांगा."

 कपबशांचा आवाज होत राहिला. त्यानंतर आम्हाला कुणी बोलावलं नाही. गणपतीचं निमंत्रणसुद्धा आलं नाही.

मुलगी आठवड्यामागून आठवडे त्या कार्यालयाच्या ताब्यात होती. शाळा बंद, मैत्रिणी बंद, फोन नाही. तिथे नियमच तसे. खरं सांगितलं म्हणून तिची सगळी दुनिया काढून घेतली गेली होती, आणि ज्याने हात उचलला तो रोज सकाळी तीच मेट्रो पकडून ऑफिसला जात होता. वर्ग मात्र बंद पडला. सरांनी ग्रुपवर कळवलं, 'प्रकृतीच्या कारणाने.'

वहिनी दुपारच्या माझ्याकडे येऊ लागल्या. पहिले काही दिवस नुसत्या बसायच्या. मी काम करायचे, त्या मेथी निवडून द्यायच्या. मग एकदा आपणहून बोलल्या. "आमच्याकडे श्रावणात रोज कहाणी वाचायची आई. सगळ्या कहाण्यांत एक बाई असते, तिला घरातले छळतात, ती काही बोलत नाही, आणि शेवटी देव प्रसन्न होतो. मला कुणी जबरदस्तीने नाही हो शिकवलं. मला त्या आवडायच्या. मी परत परत वाचायला लावायचे." मेथीची काडी त्यांनी बोटांत मोडली. "हे पण सकाळी पूजा करतात. मनापासून करतात. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. ते नाटक नाही, ताई. तेच मला कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. ज्या तोंडाने माझ्या वडिलांसाठी पाठ म्हटले गेले, त्याच माणसाचा तो हात. मी पुष्कळ दिवस दोन्हींतलं एक खोटं आहे असं ठरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माझ्या वडिलांच्या फोटोसमोरचा तो माणूस खरा होता, आणि हाही खरा होता. शास्त्र माणसाला चांगलं करतं असं आपण मुलांना सांगतो. मी पाहिलं ते एवढंच, की शास्त्र दार दाखवतं. बाप दारातच उभा राहून दुसऱ्यांना वाट सांगत राहिला, आणि मुलगी आत गेली.

त्या कार्यालयातल्या पुढच्या भेटीला वहिनींबरोबर मी गेले. मुलीला घरी कधी पाठवणार, असं वहिनींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "घरी काहीच घडलेलं नाही असं तुम्ही म्हणता. मग जे घडतच नाही ते थांबणार कसं? कुणाच्या भरवशावर तिला पाठवू?"

मी ते मराठीत सांगितलं.  वहिनींनी जाकीट काढलं आणि दंड उघडा करून टेबलावर ठेवला, डॉक्टरला दाखवावा तसा. आणि बोलायला लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून. मी त्यांच्यामागोमाग जपानीत बोलत होते, 'मला' मारलं, 'मी' दार लावून घेतलं, आणि एका ठिकाणी माझा आवाज फुटला. बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि थांबल्या.

"सोसलं," वहिनी म्हणाल्या. "मुलीसाठी सोसलं."

सोसण्याला जपानीत 'गामान' म्हणतात. इथे तो मोठा गुण आहे, लहान मुलांना शाबासकी देताना वापरतात. मी तोच शब्द वापरला. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, इथे गामानची गरज नाही."

मी सांगितलं. वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

पुढचं सगळं चांगलं झालं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. वहिनींचा व्हिसा नवऱ्याच्या नावावरचा. त्यांना काही काळ बायकांसाठीच्या निवाऱ्यात ठेवलं, पण भाषा नाही, काम नाही, पुढे काय ते दिसत नाही. सरांवर खटला झाला नाही, वहिनींनीच तक्रार द्यायला नकार दिला. शेवटी दोघींनी नाशिकला, वहिनींच्या भावाकडे जायचं ठरलं. सरांनी कागदांवर मुकाट सह्या केल्या. लोकांना सांगितलं, बायकोला इथली थंडी मानवत नाही.

विमानतळावर मी गेले होते. मुलगी उंच झाल्यासारखी वाटली, किंवा बारीक झाली होती. तिने वर्गमैत्रिणींचा निरोप घेतला नव्हता, तो घेऊच दिला नव्हता. मला म्हणाली, जपानीत, "मावशी, माझे शाळेत आत घालायचे बूट तिथेच राहिले." मी म्हटलं, मी आणून पाठवते. "नको," ती म्हणाली. "तिकडे घालत नाहीत ना."

सर नंतर नागोयाला गेले, दुसऱ्या कामावर. तिथेही त्यांनी वर्ग सुरू केला असं ऐकलं. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता, मुलं रांगेत बसून म्हणतायत आणि सर ताल धरतायत. छान म्हणत होती मुलं.

पुढच्या वर्षी मी पुण्याला गेले तेव्हा मुद्दाम नाशिकला जाऊन आले. भावाचं घर मोठं, माणसं भली. पण भावजय चहा ओतताना मुलीसमोरच मला म्हणाली, "हुशार आहे हो, पण बापाला सरकारात देणारी पोर, तिच्याशी बोलताना जरा जपूनच." मुलीने माझा कप माझ्याकडे सरकवला. नंतर आम्ही गच्चीवर गेलो. ती माझ्याशी जपानीतच बोलत होती, कुणाला कळू नये अशा हळू आवाजात. खूप दिवसांत बोलायला न मिळालेलं माणूस बोलतं तशी, भराभर. मग थांबून तिने विचारलं, "मी पडले असं म्हटलं असतं, तर आम्ही अजून ओजिमातच असतो ना?"

मी खोटं बोलू शकले नाही. "हो," म्हटलं.

"आणि आई?"

"आईला अजून मार बसत असता."

ती कठड्यावरून खाली बघत राहिली. "मग बरोबर आहे," म्हणाली. पण आपण बरोबर आहोत याचा आनंद तिच्या आवाजात कुठेच नव्हता. त्या वयाच्या मुलीला तो हिशेब करावा लागतो, हे मला सहन होत नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, तर तिने अंग चोरलं. कुणाचाही हात जवळ आला की अजून तसं होतं, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवाळीत सर दोघींना परत न्यायला नाशिकला आले, हे मला वहिनींनी नंतर फोनवर सांगितलं. भावाने त्यांना बोलावून घेतलं होतं. माणूस बदलतो, किती दिवस असं राहणार, असं त्याचं म्हणणं. फराळ झाला. सर सगळ्यांसमोर शांतपणे, नम्रपणे बोलले. वहिनी म्हणाल्या, "मी येणार नाही." भावाने समजावलं, मग रागावला. वहिनींनी दिवाणखान्यात, भाऊबीजेला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर, जे ओजिमाच्या त्या कार्यालयात सांगितलं होतं तेच सांगितलं. या वेळी दुभाष्या नव्हता. सर एकटेच परतले. दिवाळी संपल्यावर भाऊ त्यांना म्हणाला, घर लहान पडतंय.

आता त्या दोघी नाशिक रोडला एका खोलीत राहतात. वहिनी एका पाळणाघरात काम करतात, पायांना सूज येते म्हणतात. देवाची तसबीर त्यांनी बरोबर नेली, कहाण्यांची पोथी भावाकडे ठेवून आल्या. ओजिमाच्या आमच्या खोलीत आता त्या वेळी म्हातारी माणसं व्यायाम करतात. वर्ग घ्याल का, असं मला दोन पालकांनी विचारलं. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

मुलीला शाळेत मराठी विषय आहे आणि तो तिला जड जातो. शनिवारी ती मला फोन लावते आणि धडा वाचून दाखवते. जोडाक्षराशी अडते, चिडते, "मला नाही जमत," म्हणून मधेच फोन ठेवते. मी परत लावत नाही. थोड्या वेळाने तीच लावते, आणि जिथे अडली होती तिथून वाचायला लागते.